ट्रंकेतला कप्पा काढला, ट्रंक मोडली, अन् जपानी इंजिनिअरला भूकंपावर उत्तर सापडलं

तारीख होती १ सप्टेंबर १९२३, वार शनिवार. टोकियोत दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं कमी होती. घरोघरी जेवणाची तयारी सुरू होती, चुली पेटलेल्या होत्या. तेवढ्यात जमीन हलली. ७.९ तीव्रतेचा भूकंप.

लाकडी घरं कोसळली, पेटत्या चुलींवर पडली आणि शहरात आग लागली. टोकियो, योकोहामा आणि आजूबाजूच्या भागात मिळून साधारण एक लाख पाच हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यातली बहुतेक आगीत गेली. जपानच्या इतिहासात याला ‘ग्रेट कांतो भूकंप’ म्हणतात.

आता गोष्ट अशी की, टोकियोच्या मारुनोउची या बड्या कंपन्यांच्या भागात तेव्हा नव्या पद्धतीच्या इमारती उभ्या राहत होत्या. लोखंडी सांगाडा, अमेरिकन तंत्र, एकदम चकाचक काम. याच भागातली एक इमारत बांधकाम सुरू असतानाच कोसळली आणि आतले कामगार दबले. काही इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्या भिंती फुटल्या, विटा आणि पोकळ टाइल्स खाली आल्या. सांगाडा शाबूत, पण आत बसून काम करायची सोय नाही.

आणि याच भागात एक सात मजली बँकेची इमारत होती, इंडस्ट्रियल बँक ऑफ जपानची. पूर्ण होऊन तीनच महिने झाले होते. तिचं जवळजवळ काहीच नुकसान झालं नाही.

ही इमारत दिसायला कशी असावी हे ठरवलं होतं सेत्सु वातानाबे या आर्किटेक्टनं. पण ती उभी कशी राहणार, हे गणित मांडलं होतं वासेदा विद्यापीठातल्या ३७ वर्षांच्या एका प्राध्यापकानं. त्यांचं नाव ताचू नाईतो.

आज टोकियो टॉवरचा फोटो जगातल्या कुठल्याही माणसाला दाखवला तर तो ओळखेल. पण त्याचं स्ट्रक्चर ज्यांनी डिझाइन केलं, त्या नाईतोंचं नाव जपानबाहेर फार कमी लोकांना माहिती आहे. तर हे नाईतो नेमके कोण होते, आणि त्यांनी असं काय केलं, ते बघू.

जहाजं बांधायला निघालेला पोरगा इमारतींकडे वळला

ताचू नाईतो यांचा जन्म १८८६ चा, जपानच्या यामानाशी प्रांतातला. हा डोंगरांनी वेढलेला प्रांत, माउंट फुजीच्या शेजारचा.

ते पाच वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, जपानच्या मध्य भागात नोबीचा भूकंप झाला. सात हजारांवर लोक गेले. या भूकंपानं जपानी सरकारला एक मोठा धक्का दिला. देश तेव्हा युरोपकडे बघून विटांच्या इमारती, कारखाने, पूल बांधत होता. म्हणजे प्रगतीची खूण. आणि नेमक्या याच नव्या विटांच्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या. युरोपातून आणलेलं तंत्र जपानच्या जमिनीवर जसंच्या तसं चालत नाही, हे तिथं कळलं. पुढच्याच वर्षी सरकारनं भूकंपाचा अभ्यास करायला समिती नेमली.

नाईतो टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात गेले तेव्हा त्यांना इमारतींमध्ये रस नव्हता. त्यांना जहाजं बांधायची होती. रशियाशी युद्ध झालेलं, नौदलाचा बोलबाला होता, जहाजबांधणीला मोठी मागणी होती. पण युद्ध संपलं आणि या धंद्यात मंदी आली. मग नाईतोंनी शाखा बदलली आणि आर्किटेक्चरला प्रवेश घेतला.

तिथं त्यांना गुरू भेटले तोशिकाता सानो.

सानो हे या विषयातले पहिले मोठे नाव. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भूकंप झाला तेव्हा पाहणीसाठी गेलेल्या जपानी पथकात ते होते. पुढं त्यांनी एक सोपी पण जबरदस्त कल्पना मांडली. भूकंपात जमीन आडवी हलते, म्हणजे इमारतीला बाजूनं ढकलल्यासारखं होतं. मग हा आडवा धक्का इमारतीच्या वजनाचा ठराविक हिस्सा धरायचा आणि तेवढा जोर सोसेल अशी इमारत बांधायची. म्हणजे इमारत १५०० टनांची असेल आणि हिस्सा एक पंधरांश धरला, तर १०० टनांचा आडवा जोर तिला सहन झाला पाहिजे.

आज हे साधं वाटतं. पण त्याआधी भूकंप म्हणजे नशिबाचा भाग होता. सानोंनी त्याचं गणित केलं.

याच सानोंनी नाईतोंना एक छोटी स्लाइड रूल भेट दिली. स्लाइड रूल म्हणजे कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर लोक वापरायचे ती सरकती गणिताची पट्टी. नाईतोंची पट्टी जेमतेम १४ सेंटीमीटरची होती. ही पट्टी त्यांनी आयुष्यभर जपली आणि वापरली. पुढं टोकियो टॉवरची आकडेमोडही याच पट्टीवर झाली.

अमेरिका, ट्रंक आणि तो कप्पा

१९१० ला पदवी घेऊन नाईतो वासेदा विद्यापीठात शिकवायला लागले आणि १९१७ मध्ये पुढच्या अभ्यासासाठी अमेरिकेला गेले.

तेव्हाची अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारतींचा देश. न्यूयॉर्कमधली २४१ मीटरची वूलवर्थ बिल्डिंग जगातली सगळ्यात उंच इमारत होती. जपानी इंजिनिअरला भुरळ पडावी असंच सगळं. पण नाईतोंच्या लक्षात एक अडचण आली. या इमारती वजन पेलायला आणि वारा सोसायला बांधलेल्या होत्या. न्यूयॉर्कच्या इंजिनिअरला भूकंपाचा विचार करायची गरज नव्हती. टोकियोच्या इंजिनिअरला दुसरा कसलाही विचार त्यानंतरच करता येत होता.

इथंच त्यांच्या आयुष्यातला तो प्रसिद्ध किस्सा येतो. जपानमध्ये तो अनेकदा सांगितला जातो.

नाईतोंकडे प्रवासाची एक मोठी ट्रंक होती. तिच्यात सामान वेगवेगळं ठेवायला मधे एक पडदी होती, म्हणजे कप्पा करणारी फळी. सामान वाढलं, जागा पुरेना, म्हणून त्यांनी ती फळी काढून टाकली. ट्रंक गच्च भरली आणि पाठवली. प्रवासात तिची आदळआपट झाली आणि ट्रंक मोडली. फळी असताना तीच ट्रंक असले धक्के खाऊन धडधाकट राहिली होती.

दुसरा कुणी असता तर हमालाच्या नावानं बोटं मोडून मोकळा झाला असता. नाईतो मात्र विचार करत बसले. ट्रंकेला बळ बाहेरच्या कडांमुळं नव्हतं, ते त्या मधल्या फळीमुळं होतं.

हे घरी करून बघता येईल. पुठ्ठ्याचा एक खोका घ्या. समोरासमोरच्या दोन्ही बाजू कापून टाका, म्हणजे नुसती चौकट उरेल. आता वरून आडवं ढकला. चौकट तिरकी होईल आणि चपटी पडेल. मग कापलेली एक बाजू परत चिकटवा आणि पुन्हा ढकला. खोका हलायचा नाही. पुठ्ठा तोच, जाडी तीच. फरक फक्त त्या एका बाजूच्या भिंतीचा.

इमारतीचंही असंच आहे. खांब आणि तुळया म्हणजे चौकट. वजन पेलायला ती पुरते. पण बाजूनं धक्का बसला की ती तिरकी व्हायला बघते. तिच्यात जाड काँक्रीटची भिंत भरली की तिरकं होणं थांबतं. या भिंतीला आपल्याकडचे इंजिनिअर आज ‘शिअर वॉल’ म्हणतात.

नुसती भिंत घालून भागत नाही

आता कुणी म्हणेल, मग यात काय मोठं, भिंती तर सगळेच घालतात. पण खरी मेख पुढं आहे.

भूकंपाचा जोर इमारतीच्या सगळ्या भागांत सारखा वाटला जात नाही. जो भाग जास्त ताठ, तो जास्त जोर स्वतःवर ओढून घेतो. त्यामुळं भिंत चुकीच्या जागी घातली तर फायदा सोडा, नुकसान होतं. समजा सगळ्या जाड भिंती इमारतीच्या एकाच टोकाला आहेत. धक्का बसला की ते टोक जागेवर राहणार आणि दुसरं टोक झोके खाणार. इमारत पिळली जाणार, ओला कपडा पिळतात तशी.

कुठल्या खांबावर, कुठल्या भिंतीवर किती जोर येईल हे आधीच काढायची पद्धत नाईतोंनी बसवली. त्यातून त्यांचे काही नियम तयार झाले.

पहिला नियम, इमारत ताठ हवी, एकसंध ठोकळ्यासारखी हलणारी.

दुसरा, तिचा आकार बंदिस्त हवा. एका बाजूनं पूर्ण उघडी इमारत धोक्याची.

तिसरा, ताठ भिंती भरपूर हव्यात, त्या दोन्ही बाजूंना समतोल हव्यात, आणि पायापासून वरपर्यंत सलग हव्यात. मधल्याच मजल्यावर भिंत गायब करायची नाही.

चौथा, प्रत्येक भागाला त्याच्या ताठपणाच्या हिशोबानं जोर वाटून द्यायचा आणि तेवढं बळ त्याला द्यायचं.

इंडस्ट्रियल बँकेच्या इमारतीत नाईतोंनी हेच केलं. लोखंडी सांगाडा काँक्रीटमध्ये गाडला आणि आत काँक्रीटच्या ताठ भिंती उभ्या केल्या. आडवा धक्का वजनाच्या एक पंधरांश धरला. त्या वेळी जपानच्या कायद्यात भूकंपाचा असा कुठलाही आकडा नव्हता. म्हणजे कुणी सक्ती केलेली नसताना त्यांनी हे केलं होतं.

जून १९२३ मध्ये इमारत पूर्ण झाली. सप्टेंबरमध्ये परीक्षा आली.

याच काळात नाईतोंकडे कबुकी-झा या टोकियोच्या नामांकित नाट्यगृहाचंही काम होतं. भूकंप आला तेव्हा त्याचं बांधकाम सुरू होतं. आगीत आतलं सामान जळालं, पण सांगाडा टिकला. त्याच सांगाड्यावर काम पुढं नेलं आणि १९२५ च्या सुरुवातीला नाट्यगृह उघडलं.

जगात गाजलं हॉटेल, शिकले मात्र बँकेकडून

या भूकंपानंतर जगभर चर्चा झाली ती वेगळ्याच इमारतीची. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉईड राईट यांच्या इम्पीरियल हॉटेलची. योगायोग असा की हॉटेलचं उद्घाटन भूकंपाच्याच दिवशी होतं. हॉटेल पडलं नाही, बेघर झालेल्या लोकांच्या कामाला आलं, आणि राईट यांचं नाव जगभर झालं. पण हॉटेलचं नुकसान झालं होतं. पुढं जमीन खचत गेल्यानं ते वाकडंतिकडंही झालं आणि १९६८ मध्ये पाडलं गेलं.

नाईतोंच्या बँकेची बातमी अशी गाजली नाही. एखाद्या इमारतीला काहीच झालं नाही, ही बातमी होत नाही. पण इंजिनिअर लोकांनी बघायचं ते बघितलं. कुठली इमारत पडली आणि कुठली उभी राहिली, एवढीच यादी त्यांनी केली नाही. उभ्या राहिलेल्यांपैकी कुठल्या इमारतीत दुसऱ्या दिवशी काम करता येईल, हेही तपासलं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हॉस्पिटल उभं आहे पण आत जाता येत नाही, तर जखमी माणसाला त्याचा काय उपयोग? फायर स्टेशनची इमारत टिकली पण गाडी बाहेर निघेना, तर आग कोण विझवणार?

१९२४ मध्ये जपाननं इमारतींच्या कायद्यात बदल केला. आडवा धक्का वजनाच्या किमान एक दशांश धरूनच इमारत बांधायची, असा नियम आला. सानोंची कल्पना आता कायदा झाली होती, आणि ती चालते याचा पुरावा नाईतोंच्या इमारतींनी दिला होता. त्याच वर्षी नाईतोंना भूकंपरोधक बांधकामावरच्या प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळाली. १९२७ मध्ये त्यांचा लेख अमेरिकेतल्या भूकंपशास्त्राच्या जर्नलमध्ये छापून आला. दहा वर्षांपूर्वी शिकायला गेलेला माणूस आता अमेरिकेला शिकवत होता.

स्वतःचं घर बांधताना त्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. १९२६ मध्ये टोकियोत बांधलेल्या या घरात खांबांवर भिस्तच ठेवली नाही. काँक्रीटच्या भिंतीच सगळा भार आणि सगळा धक्का घेतील अशी रचना केली. जी गोष्ट लोकांना सांगतोय, तिच्यात स्वतःचं कुटुंब ठेवलं. वासेदा विद्यापीठानं हे घर आजही जपून ठेवलंय. आणि १९९५ च्या कोबे भूकंपात याच पद्धतीच्या, म्हणजे भिंतींवर उभ्या असलेल्या काँक्रीटच्या इमारतींचं नुकसान अगदी कमी झालं.

सगळ्यांना पटलं असं नाही

नाईतोंचा विचार म्हणजे ताठ इमारत. पण जपानमध्येच दुसरा गट होता. नौदलाचे इंजिनिअर केन्झाबुरो माशिमा यांचं म्हणणं होतं की इमारत ताठ नको, लवचिक हवी. वादळात ताठ झाड मोडतं आणि बांबू वाकून पुन्हा उभा राहतो, तसं. या वादावर लेखांमागून लेख छापून आले.

तेव्हा जिंकला तो ताठ इमारतीचा गट. कारण टोकियोत इमारतींची उंची साधारण ३१ मीटरपर्यंतच ठेवायची मर्यादा होती. एवढ्या उंचीला ताठपणा उत्तम चालतो. लवचिक इमारत कशी हलेल याचं गणित हातानं करणंही तेव्हा जवळपास अशक्य होतं.

पुढं कॉम्प्युटर आले, उंचीची मर्यादा उठली, आणि १९६८ मध्ये टोकियोत ३६ मजली कासुमिगासेकी बिल्डिंग उभी राहिली. १४७ मीटर उंच, आणि लवचिक. नाईतो तेव्हा ८१ वर्षांचे होते. म्हणजे माशिमांचा विचारही चुकीचा नव्हता, त्याची वेळ यायची होती.

ताठ इमारतीची एक मर्यादाही मान्य करावी लागते. ती स्वतः मोडत नाही, पण जमिनीचा हिसका तसाच आत पोचवते. कपाटं पडतात, मशिनरी घसरते. म्हणून आज जपानमध्ये हॉस्पिटलसारख्या इमारती रबर आणि स्टीलच्या थरांवर बसवतात. त्यामुळं खाली जमीन हलली तरी वर हिसका कमी पोचतो. याला बेस आयसोलेशन म्हणतात. तंत्र वेगळं असलं, तरी हेतू नाईतोंचाच आहे. भूकंपानंतर इमारत वापरता आली पाहिजे.

म्हातारपणी मनोऱ्यांचा सपाटा

बहुतेक माणसं निवृत्तीचा विचार करतात त्या वयात नाईतोंनी त्यांची सगळ्यात प्रसिद्ध कामं केली. जपानमध्ये १९५३ ला टीव्ही सुरू झाला आणि प्रक्षेपणासाठी उंच मनोरे लागायला लागले. १९५४ ला नागोयाचा १८० मीटरचा टीव्ही टॉवर झाला. मग ओसाकाचा त्सुतेनकाकू, बेप्पू, साप्पोरो, आणि १९५८ ला ३३३ मीटरचा टोकियो टॉवर. शेवटी हाकाता पोर्ट टॉवर. या सहा मनोऱ्यांना जपानी लोक सहा भाऊ म्हणतात.

मनोऱ्याला भिंती नसतात, त्यामुळं इथं गणित वेगळं होतं. हलक्या, उंच लोखंडी मनोऱ्याला भूकंपापेक्षा वादळी वाऱ्याचाच धोका जास्त. नाईतोंनी दोन्हींचा हिशोब केला, त्याच १४ सेंटीमीटरच्या पट्टीवर.

२०११ च्या महाभूकंपात टोकियो टॉवरचा वरचा अँटेना टोकाशी वाकला. बाकी मनोरा जागचा हलला नाही. वाकलेलं टोक पुढं बदललं. नागोयाच्या टॉवरला तर अलीकडं पायाशी बेस आयसोलेशन बसवलं, आत हॉटेल सुरू झालं, आणि २०२२ मध्ये त्याला महत्त्वाच्या राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. १९५४ चा मनोरा आजही वापरात आहे.

आपला संबंध काय?

मुंबई-पुण्यात उंच टॉवरचं बांधकाम सुरू असताना मधोमध लिफ्ट आणि जिन्याभोवती काँक्रीटच्या जाड भिंती वर चढताना दिसतात. त्या फक्त लिफ्टसाठी नसतात. वारा आणि भूकंपाचा आडवा जोर त्याच घेतात. पिढ्या बदलल्या, कॉम्प्युटर आले, पण कल्पना नाईतोंच्याच काळातली आहे.

त्यांचा तिसरा नियम मोडला की काय होतं, हेही आपण बघितलंय. २६ जानेवारी २००१ ला भूज भूकंपात अहमदाबादमध्ये अनेक अपार्टमेंट कोसळली. त्यातल्या बऱ्याच इमारतींना वर भिंतींनी भरलेले मजले होते आणि खाली पार्किंगसाठी नुसते खांब. भिंत पायापर्यंत सलग नव्हती. सगळा जोर खालच्या खांबांवर आला आणि ते मोडले. नाईतोंच्या ट्रंकेत जागा करायला फळी काढली होती, इथं गाड्यांना जागा करायला भिंत काढली होती.

फ्लॅट घेताना आपण टाइल्स बघतो, गॅलरी बघतो, पार्किंग बघतो. खालच्या मजल्यावर वरच्या भिंती उतरल्यात का, हा प्रश्न बिल्डरला क्वचितच कुणी विचारतं. तो विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

२५ ऑगस्ट १९७० ला, वयाच्या ८४ व्या वर्षी ताचू नाईतो गेले. त्यांच्या नावावर मोठमोठे मनोरे आहेत, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम फोटोत दिसत नाही. ते प्लास्टरच्या आत, इमारतीच्या पोटात, गप उभं असतं.